आशयगाळणी आणि मराठी शब्द : कौटुंबिक संरक्षणाच्या साधनांचा भाषावैज्ञानिक विचार

मुलांच्या हाती मोबाइल आला, की त्यावर काही निर्बंध असावेत असे प्रत्येक घराला वाटते. ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि ती पुरी करणारी साधनेही आज सहज उपलब्ध आहेत. इंग्रजीत ज्यांना 'पॅरेंटल कंट्रोल' व 'कंटेंट फिल्टर' म्हणतात त्यांना प्रस्तुत लेखात अनुक्रमे 'पालक-नियंत्रण' व 'आशयगाळणी' असे म्हटले आहे. ही साधने कशी चालतात, ती कोठे अपुरी पडतात, आणि मराठी घरांत त्यांचा अपुरेपणा अधिक का जाणवतो, हे तीन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत. त्यांतील तिसरा प्रश्न मुख्यतः भाषेचा आहे. म्हणून भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्याकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

(१) साधनांचे प्रकार

धान्य साफ करण्याच्या क्रियांना मराठीत वेगवेगळी क्रियापदे आहेत : चाळणे, पाखडणे, निवडणे. चाळणे दाण्याच्या आकारावर चालते, पाखडणे वजनावर. निवडणाऱ्या व्यक्तीला मात्र दाणा व खडा यांतील फरक डोळ्यांनी पाहून ठरवावा लागतो. आशयगाळणी या नावाने जी साधने ओळखली जातात त्यांतील बहुतेकांचे काम चाळण्याचे आहे. मजकुराचे एखादे बाह्य लक्षण ती तपासतात आणि त्यावरून आतील आशयाचे अनुमान करतात. कोणते लक्षण तपासले जाते त्यावरून या साधनांचे पाच वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग नावांच्या याद्यांचा. अमुक संकेतस्थळे निषिद्ध, किंवा याउलट अमुक एवढीच अनुमत, अशी यादी करून तिच्याशी प्रत्येक मागणी ताडून पाहिली जाते. दुसरा वर्ग याच तत्त्वावर पण जाळ्याच्या पातळीवर चालतो. आपण एखाद्या संकेतस्थळाचे नाव टंकिले असता त्या नावाचा अंकी पत्ता शोधून देणारी जी व्यवस्था असते तिला 'डीएनएस' म्हणतात. निषिद्ध नावांचा पत्ता न देणारी डीएनएस-सेवा निवडली, की त्या घरातील सर्व उपकरणांवर एकाच वेळी गाळणी बसते. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२० मध्ये कुटुंबांसाठी सुरू केलेली १.१.१.३ या पत्त्याची सेवा याच प्रकारची आहे.

तिसरा वर्ग शब्दगाळणीचा. यात मजकुरातील अक्षरांचा क्रम निषिद्ध शब्दांच्या यादीशी ताडला जातो. चौथा वर्ग वर्गीकारकांचा. हजारो उदाहरणांवर शिकविलेले यंत्र नव्या मजकुराला वा चित्राला 'अनुचित असण्याची संभाव्यता' देते आणि ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास ते अडविते. पाचवा वर्ग उपकरणावरील नियंत्रणांचा. वापराची वेळ ठरविणे, नवे अ‍ॅप बसविण्यापूर्वी पालकांची संमती मागणे, खरेदी रोखणे इत्यादी गोष्टी यात येतात. गूगलचे 'फॅमिली लिंक' (२०१७) आणि अ‍ॅपलचे 'स्क्रीन टाइम' (२०१८) ही याची परिचित उदाहरणे होत.

या वर्गांतील एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारा व्यवहार सांकेतिक लिपीत गुंडाळलेला असतो. घरातील राउटरला सामान्यतः संकेतस्थळाचे नाव कळते, पृष्ठावर काय लिहिले आहे ते कळत नाही. म्हणून एखाद्या मोठ्या चित्रफीत-स्थळावरील एकच चित्रफीत राउटरवरून अडविता येत नाही. अडवावयाचे तर सबंध स्थळच अडवावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये सर्व संदेशांना आद्यंत गुप्तता दिली. त्यामुळे तेथून पुढे ढकलले जाणारे संदेशही जाळ्यावरील कोणत्याच गाळणीला दिसत नाहीत. तात्पर्य, शब्द पाहणारी गाळणी उपकरणाच्या आत, ब्राउझरात किंवा त्या त्या सेवेच्या स्वतःच्या यंत्रणेतच चालू शकते. भाषेचा प्रश्न उद्भवतो तो या ठिकाणी.

(२) शब्दगाळणीचा पूर्वेतिहास

शब्दगाळणीतील मूलभूत दोष इंग्रजीच्या संदर्भात फार लवकर उघडकीस आला. अमेरिका ऑनलाइन या कंपनीने १९९५ साली स्तन या अर्थाचा इंग्रजी शब्द निषिद्ध ठरविला, आणि स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांना आपला परिचय लिहिणे अशक्य झाले. तक्रारी आल्यावर हा निर्बंध मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावच्या रहिवाशांना त्याच कंपनीकडे नाव नोंदविता येईना. त्या ग्रामनामाच्या मध्यभागी एका अश्लील शब्दाची अक्षरे लागोपाठ येतात एवढेच त्याचे कारण होते. या प्रकाराला तेव्हापासून 'स्कन्थॉर्प समस्या' असेच नाव पडले.

या दोन उदाहरणांतील दोष एकाच जातीचे नाहीत. पहिल्यात यंत्राने शब्द बरोबर ओळखला, पण त्याचा प्रयोग कोणत्या हेतूने झाला ते त्याला कळले नाही. दुसऱ्यात तो शब्दच नव्हता, केवळ अक्षरांचा योगायोग होता. पहिला दोष अर्थविचाराचा व प्रयोगविचाराचा आहे, दुसरा शब्दाच्या सीमेचा. इंग्रजीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली असल्यामुळे दुसऱ्या दोषावर एक सोपा उपाय निघाला : अक्षरक्रम पूर्ण शब्द म्हणून आला तरच अडवावा. हा उपाय मराठीला लावला असता काय होते ते आता पाहू.

(३) मराठीतील अडचणी

प्रथम सीमेचा प्रश्न घेऊ. पत्त्यांच्या 'रमी' या खेळावर पैसे लावण्याचे व्यसन अलीकडे मोबाइलमुळे पसरले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. समजा, एखाद्या पालकाने 'रमी' हा अक्षरक्रम निषिद्ध केला. युनिकोडमध्ये 'पराक्रमी' हा शब्द साठविला जातो तो प, रा, क, हलन्ताचे चिन्ह, र, मी या क्रमाने. जोडाक्षरात लपलेला 'र' वाचकाच्या डोळ्याला वेगळा दिसत नाही, पण यंत्राला तो दिसतो, आणि 'पराक्रमी' शिवाजी महाराजांवरील निबंध जुगाराच्या सदरात जमा होतो. हीच गत 'गरमी' या शब्दाची. 'स्तन' हा क्रम निषिद्ध केल्यास 'हस्तनिर्मित' कागद आणि सदऱ्याची 'अस्तनी' दोन्ही अडकतात. प्राणिशास्त्रातील 'सस्तन' हा शब्द तर अडकतोच. व्याकरणाच्या पुस्तकातील 'लिंग, वचन, विभक्ती' हे प्रकरण आणि बारा ज्योतिर्लिंगांची माहिती यांचीही तीच अवस्था होते.

यावर इंग्रजीतला उपाय लावला, म्हणजे पूर्ण शब्दच जुळला पाहिजे असे ठरविले, तर उलट अनर्थ होतो. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जातात. 'रमीत', 'रमीच्या', 'रमीसाठी', 'रमीवाल्यांनी' यांपैकी काहीच मूळ यादीत नसल्यामुळे सारे निसटते. शिवाय काही प्रचलित संगणक-भाषांची शब्दसीमा ओळखण्याची पद्धत मात्रा व हलन्त यांना शब्दाचा घटक मानीतच नाही. परिणामी 'सीमा' शब्दाच्या मध्यावरही पडू शकते.

मग प्रत्यय तोडून मूळ शब्द शोधावा, असा तिसरा उपाय सुचतो. परंतु मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, हे विसरून चालत नाही. 'गांजा' या शब्दाचे सामान्यरूप 'गांज्या' : गांज्याचा, गांज्याने. दोन्ही रूपे पकडण्यासाठी यादीत 'गांज' एवढाच समान भाग ठेवला, तर 'गांजणे' हे संपूर्ण निराळे क्रियापद जाळ्यात सापडते. 'सासरच्या छळाने गांजलेली' किंवा 'वर्गातील मुलांच्या चिडविण्याने गांजून गेलो' असे लिहिणारी व्यक्ती अमली पदार्थांच्या सदरात जाते. येथे केवळ गैरसोय होते असे नाही. जिला मदतीची गरज आहे तिचाच शब्द यंत्र अडविते.

सामान्यरूपाचा याहून सूक्ष्म पेच 'भाडे' या शब्दात आढळतो. 'भाडे' याचे सामान्यरूप 'भाड्या', आणि 'भाड्या' ही स्वतंत्र शिवीही आहे. 'भाड्याने खोली देणे आहे' या जाहिरातीतील शब्दाचा 'ने' प्रत्यय यंत्राने तोडला की हाती शिवी येते. बरे, 'भाड्याने' हे पूर्ण रूप निर्दोष म्हणून सोडून द्यावे, तर 'त्या भाड्याने माझे पैसे बुडविले' या वाक्यात शिवीचीच तृतीया आहे. दोन्ही रूपे अक्षरशः एक आहेत. भेद करता येतो तो आजूबाजूच्या शब्दांवरून : एका ठिकाणी सकर्मक क्रियापदाचा कर्ता आहे, दुसऱ्या ठिकाणी व्यवहाराची रीत सांगितली आहे. म्हणजे कारकविचार केल्यावाचून हा निर्णय होत नाही, आणि शब्दांच्या यादीला कारक कळत नाही.

दुसरी अडचण लेखनाच्या संकेतांची. 'करणाऱ्या', 'मारणाऱ्या', 'देणाऱ्या' यांतील 'ऱ्य' हे जोडाक्षर मराठीत अत्यंत वारंवार येते. युनिकोडमध्ये ते नुक्तायुक्त 'ऱ' व हलन्त असे लिहिता येते, तसेच साधा 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह असेही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन भिन्न क्रम आहेत, आणि युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने ते एक होत नाहीत. यादीत एक रूप असेल आणि संदेशात दुसरे, तर गाळणी निष्फळ ठरते.

तिसरी अडचण लिपीची, आणि व्यवहारात सर्वांत मोठी तीच आहे. तरुण पिढी मराठी संदेश पुष्कळदा रोमन अक्षरांत लिहिते, आणि त्या लेखनाला सर्वमान्य नियम नाहीत. 'दारू' हा साधा शब्द घेतला, तरी त्यातील 'आ' एका किंवा दोन 'ए' अक्षरांनी आणि 'ऊ' एका 'यू'ने किंवा दोन 'ओ' अक्षरांनी लिहिला जातो. एवढ्यावरच चार रूपे झाली. त्यात मुद्दाम घातलेले टिंब, तारा, अंक यांची भर पडली म्हणजे रूपांची संख्या मोजण्यापलीकडे जाते. देवनागरी शिव्यांची यादी कितीही परिपूर्ण केली, तरी रोमन लिपीतील शिवी तिच्या बाजूने निघून जाते.

(४) वर्गीकारक आणि त्यांचे गणित

या अडचणींमुळे शब्दयाद्यांची जागा आता उदाहरणांवर शिकलेले वर्गीकारक घेत आहेत. ते शेजारचे शब्द विचारात घेतात, त्यामुळे 'भाड्याने' या शब्दाचे दोन प्रयोग वेगळे ओळखण्याची शक्यता त्यांच्यात निश्चित आहे. पण त्यासाठी त्या भाषेतील खूण केलेली उदाहरणे हवीत. मराठीत हे कार्य अलीकडेच सुरू झाले. आक्षेपार्ह मराठी मजकुराचा 'मोल्ड' हा संच २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये 'महाहेट' हा पंचवीस हजारांहून अधिक ट्वीटांचा संच प्रसिद्ध केला, आणि त्यात द्वेषमूलक, अपमानकारक, अश्लील व निर्दोष असे चार वर्ग केले. ही कामे मोलाची आहेत. तथापि त्यांचा आधार ट्विटरवरील सार्वजनिक लेखन हा आहे. बारा वर्षांच्या मुलीला एखादा अनोळखी इसम गोड शब्दांत लिहितो त्या संदेशाची भाषा निराळी असते. तीत बहुधा एकही अपशब्द नसतो.

वर्गीकारक उत्तम असला तरी त्याच्या निर्णयांचे गणित समजून घेणे जरूर आहे. उदाहरणादाखल असे धरू, की एखादे मूल एक हजार पृष्ठे पाहते आणि त्यांतील २० अनुचित आहेत. गाळणी अनुचित पृष्ठांपैकी ९० टक्के पकडते आणि निर्दोष पृष्ठांपैकी ५ टक्के चुकून अडविते. तेव्हा १८ अनुचित पृष्ठे अडतील, २ निसटतील, आणि ९८० निर्दोष पृष्ठांपैकी ४९ विनाकारण अडतील. अडलेल्या एकूण ६७ पृष्ठांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश निर्दोष निघाली. 'नव्वद टक्के यश' या शब्दांत दोष नाही, पण मुलाचा अनुभव असा की गाळणी बहुधा विनाकारणच आड येते. असा अनुभव आलेले मूल तिला वळसा घालण्याचा मार्ग शोधते. तो सापडणे कठीण नसते : घरच्या राउटरवर गाळणी असली तरी मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर ती चालत नाही, आणि व्हीपीएन किंवा ब्राउझरातील गुप्त डीएनएस यांनीही ती टळते.

(५) गाळणीच्या कक्षेबाहेरचे धोके

मुलांना इंटरनेटवर संभवणारे धोके सोनिया लिव्हिंगस्टन व मारिया स्टोइलोव्हा यांनी २०२१ मध्ये चार वर्गांत मांडले. ते आशय, संपर्क, वर्तन आणि करार असे सांगता येतील. अनुचित मजकूर दिसणे हा पहिला वर्ग, अनोळखी प्रौढाने जवळीक साधणे हा दुसरा, समवयस्कांनी छळणे किंवा आपण छळात सामील होणे हा तिसरा. नकळत दिलेली माहिती, फसवी खरेदी, व्यसन लावणारी रचना या गोष्टी चौथ्यात येतात. आशयगाळणीचा प्रत्यक्ष संबंध यांपैकी फक्त पहिल्याशी आहे. खरेदी व अ‍ॅप यांवरील नियंत्रणे चौथ्याला थोडा आळा घालतात. दुसरा व तिसरा वर्ग मुख्यतः संभाषणाचे आहेत, आणि संभाषण चाळून निर्धोक करता येत नाही.

ऑक्सफर्ड येथील अँड्र्यू प्रझिबिल्स्की व व्हिक्टोरिया नॅश यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही लक्षणीय आहे. घरात गाळणी असणे आणि किशोरवयीन मुलांना लैंगिक आशय न दिसणे यांचा संबंध त्यांना अत्यंत क्षीण व विसंगत आढळला. यावरून गाळणी निरुपयोगी ठरते असे नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत अनवधानाने घडणारे दर्शन टाळण्यास तिचा उपयोग आहेच. परंतु ती बसविली म्हणजे कर्तव्य संपले, हा समज टिकत नाही.

नेदरलँड्समधील पॅटी व्हाल्केनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात पालकांच्या मध्यस्थीचे तीन प्रकार सांगितले होते : निर्बंध घालणे, समजावून सांगणे, आणि सोबत बसून पाहणे. आज बाजारात मिळणारी साधने पहिला प्रकार यंत्राकडे सोपवितात. उरलेले दोन घरातील माणसांनीच करावयाचे असतात, आणि ते ज्या भाषेत करावयाचे ती भाषा घरातली असते. शरीर, लैंगिकता, छळ यांविषयी मुलाशी बोलण्यास लागणारे शब्द ज्या घरात शिवी किंवा संस्कृत परिभाषा या दोनच टोकांना उपलब्ध आहेत, तेथे मधला शब्द सापडत नाही म्हणून मौन पडते. ही उणीव कोणतेही यंत्र भरून काढणार नाही.

(६) व्यवहारातील क्रम

वरील विवेचनावरून पालकांसाठी काही व्यावहारिक क्रम सुचतो. मुलासाठी स्वतंत्र खाते उघडावे आणि त्यात जन्मवर्ष खरे द्यावे. बहुतेक सेवांची वयानुसार नियंत्रणे त्या एका नोंदीवर अवलंबून असतात. पुष्कळ मराठी घरांत एकच फोन आई-वडील व मुले मिळून वापरतात, तर ही साधने 'एक उपकरण, एक व्यक्ती' असे गृहीत धरून रचलेली आहेत. अशा घरात, ज्या फोनवर ती सोय असेल त्यावर मुलासाठी वेगळा वापरकर्ता करावा. निदान खरेदीला परवलीचा शब्द लावावा. घरच्या राउटरवर कौटुंबिक डीएनएस-सेवा ठेवावी आणि शोधयंत्रातील सुरक्षित शोध चालू करावा. मुलाने काय पाहिले याच्या नोंदी गुपचूप वाचण्यापेक्षा कोणते निर्बंध घातले आहेत व का, हे त्याला आधी सांगावे. अडलेले पृष्ठ खरोखर हवे असल्यास ते मागण्याची वाट मोकळी ठेवावी. वय वाढेल तसे निर्बंध सैल करावेत. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलाच्या खाजगीपणाचा व माहिती मिळविण्याचा असे दोन्ही हक्क नमूद आहेत.

कायद्याची चौकटही माहीत असावी. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६७ ब बालकांविषयीच्या अश्लील सामग्रीचे प्रसारण दंडनीय ठरविते. बालकांवरील लैंगिक अपराधांचा २०१२ चा कायदा अशा अपराधाची माहिती असणाऱ्यावर ती कळविण्याचे बंधन घालतो. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास कंपन्यांना मनाई करतो. संकटात सापडलेल्या मुलासाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक मुलांना पाठ असावेत.

(७) अभ्यासकांपुढील कामे

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे करावयाची कामे पुष्कळ आहेत. आक्षेपार्ह शब्दांच्या सामान्यरूपांची व त्यांच्याशी समरूप असलेल्या निर्दोष रूपांची सूची हे पहिले काम. रोमन मराठीच्या लेखनभेदांचे वर्णन हे दुसरे. तेच शब्द निरनिराळ्या बोलींत किती कठोर वा किती सौम्य मानले जातात याची पाहणी हे तिसरे. एका प्रदेशात लाडाने उच्चारलेला शब्द दुसऱ्या प्रदेशात भांडणाला कारण होतो. चौथे काम शब्दांपलीकडील आहे : फसवणूक व लाडीगोडी यांच्या संभाषणात संबोधने कशी बदलतात, 'तुम्ही'वरून 'तू'वर येणे कोणत्या टप्प्यावर घडते, गुप्ततेची अट कोणत्या वाक्यरचनेत घातली जाते, यांचा अभ्यास. अशी सामग्री गोळा करताना मुलांची ओळख उघड होणार नाही आणि पालकांच्या संमतीवाचून काहीही घेतले जाणार नाही, हे बंधन अर्थातच कटाक्षाने पाळावे लागेल.

या चारही कामांसाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. व्याकरणाची जाण, बोलींचा परिचय आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते. आपल्या विभागातील पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी यांतील प्रत्येक विषय स्वतंत्रपणे घेता येईल, आणि त्यातून तयार झालेल्या सूची यंत्रे घडविणाऱ्यांच्या हाती देता येतील.